मेथीची पानं कुणाची?

पत्र थोडक्यात : ऐरोलीत राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं हे पत्र. सात मजली इमारत, खाली पार्किंग, यांचं घर पहिल्या मजल्यावर. नवरा-बायको दोघंही नोकरीला, मुलगा सातवीत, सासूबाई सोबत राहतात. गणपतीच्या आधी स्वयंपाकघर नवीन करून घेतलं. दिवाळीपासून आजवर चार वेळा सिंक तुंबलं. तीन वेळा प्लंबरने सिंकखालचा ट्रॅप (पाइपाचा बाटलीसारखा भाग) उघडून 'पिवळट, चिकट गोळा' काढला. चौथ्या वेळी ट्रॅपमध्ये काहीच सापडलं नाही, तरी पाणी उतरेना. भांडी घासायला येणाऱ्या मावशी खरकट्यासकट भांडी सिंकमध्ये टाकतात, असं या मैत्रिणीचं म्हणणं आहे. मागच्या महिन्यात त्यांनी प्लंबरच्या बिलापैकी पाचशे रुपये मावशींच्या पगारातून कापले. 'दर रविवारी ड्रेन क्लीनरची पुडी टाकते, तरी ही गत. नवरा म्हणतो सिंकखाली खरकटं दळणारं मशीन बसवू. मला वाटतं मावशीच बदलाव्यात. तुम्ही काय सांगाल?'

प्रिय मैत्रिणी,

तुमचा वैताग मला कळतो. सकाळी डबे भरायचे, ठाण्याची लोकल गाठायची, आणि त्याच वेळी सिंकमध्ये काळपट पाणी तरंगत असतं. घरभर तो वास, ओट्यावर भांड्यांचा ढीग. अशा वेळी कुणाच्या तरी नावाने चिडणं साहजिक आहे. पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात लिहिलंय. चौथ्या वेळी तुम्ही दोन दिवस गावाला गेला होतात, परत आलात तर सिंकमध्ये पाणी साचलेलं, आणि त्यात मेथीची पानं. 'आमच्याकडे मेथी कुणी खातच नाही,' असं तुम्हीच लिहिलंय.

तेच धरून पुढे जाऊ. घर बंद, नळ बंद, मावशी सुट्टीवर. मग ते पाणी नक्कीच वरून नळातून आलेलं नाही. ते खालून, पाइपातून उलटं आलंय.

तुमच्या इमारतीत सात स्वयंपाकघरं एकावर एक आहेत. सगळ्यांचं सांडपाणी डक्टमधल्या, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या पोकळीतल्या, एकाच उभ्या पाइपात पडतं. तो पाइप पार्किंगच्या छताखाली वळतो, थोडं अंतर आडवा जातो आणि बाहेरच्या चेंबरला मिळतो. उभ्या पाइपात पाणी जोरात कोसळतं, तिथे फारसं काही टिकत नाही. वळणावर आणि आडव्या भागात मात्र त्याचा वेग मरतो. सात घरांचं तेल, तूप, साबण तिथे थरावर थर चढवत बसतं. एक दिवस वाट बंद होते. मग वरच्या सहा घरांचं पाणी मिळेल त्या पहिल्या उघड्या तोंडातून वर येतं, आणि ते तोंड म्हणजे पहिल्या मजल्यावरचं सिंक. मावशी बदलून यात काय फरक पडणार?

खात्री करून घ्यायची असेल तर खर्च शून्य आहे. पुढच्या वेळी पाणी साचलं की तुमचे नळ बंद ठेवा आणि अर्धा तास नुसतं बघा. पाणी आपोआप वाढतंय का? वर कुणी भांडी घासायला लागलं की सिंकच्या भोकातून गुडगुड ऐकू येते का? शेजारच्या ड्राय बाल्कनीतल्या न्हाणी ट्रॅपमधूनही, म्हणजे फरशीवरच्या जाळीतूनही, पाणी वर येतंय का? यातलं काही होत असेल तर अडथळा तुमच्या घराबाहेर आहे. आणि तुमचा नळ सोडला तरच पाणी साचत असेल, बाकी सगळं शांत असेल, तर तो घरातला.

आधीचे तीन वेळचे गोळे मात्र तुमच्याच ट्रॅपमधून निघाले, हे खरं. त्याचंही बोलू या.

ठाण्याला नौपाड्यात आमच्या जुन्या घरी मी एकदा असा ट्रॅप स्वतः उघडला होता. प्लंबर संध्याकाळी येणार होता आणि घरात पाहुणे होते. खाली बादली ठेवली, बाटलीसारखा तो पांढरा भाग हाताने फिरवला. आधी पाणी आलं, मग मुठीएवढा गोळा बादलीत पडला. बाहेरून राखाडी, बुळबुळीत. बोटाने दाबला तर मेणासारखा. काडीने फोडला तेव्हा आत मोहरी, चहाचा चोथा, कढीपत्त्याचं देठ, घासणीची एक तार आणि दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा. पण ही सगळी भर होती, दहातला एखादा भाग. बाकीचा सगळा गोळा चरबीचा होता.

ही गोष्ट आपण विसरतो. खरकट्याचे तुकडे डोळ्यांना दिसतात म्हणून दोष त्यांना मिळतो, पण त्यांना चिकटायला जागा देतो तो तेलातुपाचा थर. साबणाने तेल सुटतं, पाण्याबरोबर जातं, पण पाइपात थंड झालं की परत कडेला बसतं. पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याची गाठ पडली की न विरघळणारा कडक साबण तयार होतो. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात हे जास्त होतं. थंडीत खोबरेल तेलाची बाटली आपण उन्हात ठेवतो ना? ते २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं. तूप आणि डालडा त्याहूनही लवकर गोठतात. पाइपात तर ऊनही पोचत नाही. दिवाळीचं तळण संपतं आणि थंडी सुरू होते, म्हणून तुमचा त्रासही दिवाळीपासून सुरू झाला यात मला नवल वाटत नाही. लंडनमध्ये २०१७ साली व्हाइटचॅपल भागातल्या गटारात चरबी आणि ओल्या टिश्यूंचा २५० मीटर लांबीचा, सुमारे १३० टनांचा गोळा सापडला होता. तो काढायला कित्येक आठवडे लागले. तुमच्या ट्रॅपमधला गोळा त्याच जातीचा, फक्त लहान.

आता मावशींबद्दल. त्या तुमच्याकडे चार वर्षं आहेत, असं तुम्ही लिहिलंय. त्यातली साडेतीन वर्षं सिंक तुंबलं नव्हतं. मग मावशी त्याच असताना बदललं काय? स्वयंपाकघर बदललं. ओटा नवा झाला, सिंक खिडकीकडे सरकलं, आणि ओला कचऱ्याचा डबा 'बरा दिसत नाही म्हणून' ड्राय बाल्कनीत गेला. पूर्वी तो सिंकच्या खालीच होता. जरा मावशींच्या जागी उभ्या राहून बघा. समोर चार माणसांची भांडी, तासाभरात पुढचं घर गाठायचं, आणि प्रत्येक ताटामागे बाल्कनीचं दार उघडून डब्यापर्यंत जायचं. कुणीही काय करेल? ताट नळाखाली धरेल. मी केलं असतं, तुम्हीही केलं असतं.

डबा परत सिंकजवळ आणा. ट्रॉलीच्या दाराला आतून अडकवता येणारा छोटा डबा मिळतो, किंवा ओट्यावर एक झाकणाचं भांडं ठेवा. माझ्या मते तुमच्या घरातला अर्धा त्रास एवढ्यानेच जाईल.

आणि सिंक सरकवलं तेव्हा पाइप लांब झाला असणार. ओट्याखाली वाकून बघा. घड्या-घड्यांचा लवचिक पाइप असेल आणि मधे झोळीसारखा लोंबकळत असेल तर त्या झोळीत कायम पाणी आणि गाळ राहतो, घड्यांत तेल अडकतं. तिथे आतून गुळगुळीत, कडक पीव्हीसी पाइप सलग उतार देऊन बसवून घ्या. ट्रॅपमधलं वळण मात्र काढू देऊ नका. त्यात साठणारं पाणी गटाराचा वास आणि झुरळं अडवतं.

आता रोजचं. माझ्याकडे सांगण्यासारखी मुख्य गोष्ट एकच आहे: पाणी लागण्याआधी भांडं निपटून घ्यायचं. कढईत फोडणीचं तेल उरलं असेल तर आपल्या आज्या त्यात भात कालवून खायच्या, तो कढईला लागलेला भात किती चविष्ट लागायचा. ते नको असेल तर जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्याने कढई, तवा, तुपाची वाटी पुसून कागद ओल्या कचऱ्यात टाका. आमटीचं पातेलं, पनीरच्या भाजीचं भांडं, बिर्याणीचा टोप, सगळं आधी कोरडं निपटायचं, मग पाणी. दिवाळीचं तळणाचं तेल उरलं तर ते कधीही सिंकमध्ये ओतू नका, गरम पाणी सोडून तर नाहीच. गरम पाण्याने ते तुमच्या ट्रॅपमधून पुढे जाईल, पण पार्किंगच्या त्या वळणावर गार होऊन बसेल, आणि तिथून पाणी उलटं येणार ते तुमच्याकडेच. थंड झाल्यावर बाटलीत भरा, झाकण लावून कचऱ्यात द्या. थोडंच असेल तर वाळलेल्या चहाच्या चोथ्यात मुरवा.

पिठाचं तसंच. कणीक मळून झाली की परातीला आणि हातांना लागलेलं पीठ आपण धुऊन टाकतो. मैदा आणि कणीक पाण्यात खळीसारखी होतात, तेलाच्या थरावर ती बसली की मातीच्या भिंतीला गिलावा केल्यासारखं होतं. कोरड्या पिठाने हात चोळा, गुठळ्या झडतील, परात सुऱ्याच्या पाठीने खरवडा. मोदकांच्या उकडीच्या दिवशी तर हे विसरूच नका. भाताची पेज ओतू नका, गार झाली की तिची खळ होते. ती कणीक भिजवायला घ्या किंवा मीठ घालून प्या, सासूबाईंना आवडेल.

चहाचा चोथा लवकर कुजत नाही, विरघळत नाही, वाळूसारखा तळाशी बसतो. गाळणी सिंकमध्ये आपटायची सवय सगळ्यांनाच असते. ती कचऱ्याच्या डब्यावर आपटायची एवढाच बदल. चोथ्यातली साखर आधी धुऊन टाकलीत तर तो कुंडीतही चालेल.

रविवारी सासूबाई कोळंबी आणि बांगडे साफ करतात असं लिहिलंय तुम्ही. त्यांना हे नाजूकपणे सांगायला हवं, कारण त्यांचं मासे करणं बंद व्हावं असं मला अजिबात वाटत नाही. मासे सिंकमध्ये न धुता मोठ्या पातेल्यात धुवायचे आणि पाणी चाळणीतून गाळून ओतायचं. कोळंबीची सालं आणि खवले कागदात गुंडाळून लगेच कचऱ्यात. खवले पातळ असतात, जाळीच्या भोकातून सहज निसटतात, आणि पाइपात अडकतात. चाळणी बारीक असावी.

सिंकच्या भोकावर बसवायची स्टीलची बारीक जाळी बाजारात स्वस्तात मिळते. नुसती आणून ठेवू नका, मावशींना ती कुठे आणि कशी झटकायची ते दाखवा. जाळी भरली की पाणी उतरत नाही, मग घाईत माणूस जाळीच उचलतो आणि सगळं आत जातं. दोन जाळ्या ठेवल्या तर एक भरल्यावर दुसरी लावता येते.

आठवड्यातून एकदा, रात्री भांडी झाल्यावर, सिंकला बूच लावा, सिंक अर्ध्याहून जास्त गरम पाण्याने भरा, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन चमचे टाका आणि मग बूच काढा. एकदम सुटलेला लोंढा पाइप भरून जातो आणि कडेचा ताजा थर ओढून नेतो. नळाची बारीक धार हे करू शकत नाही. पाणी उकळतं नको, उकळत्या पाण्याने पीव्हीसी मऊ पडतो आणि सांधे ढिले होतात. हात जेमतेम सहन करेल इतकं पुरे. हा उपाय नुकत्या बसलेल्या थरासाठी आहे, आधीच तुंबलेल्या पाइपासाठी नाही, आणि भांडी निपटून घेण्याला पर्यायही नाही.

खायचा सोडा आणि व्हिनेगर टाकून फेस काढायचा उपाय खूप सांगितला जातो. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना मारतात, उरतं ते जवळपास नुसतं खारट पाणी. फेस दिसतो म्हणून काहीतरी घडतंय असं वाटतं, पण जुन्या चरबीवर त्याचा परिणाम होत नाही. वेळ आणि व्हिनेगर वाचवा.

रविवारच्या त्या पुडीबद्दल मला तुम्हाला जरा जोर देऊन सांगायचंय. तिच्यात बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा असतो. पातळ थरावर तो काम करतो, चरबीचा साबण करतो. पण पाइप पूर्ण अडलेला असताना तो अडथळ्याच्या डोक्यावरच बसून राहतो, पाणी तापवतो, आणि कधी कधी त्याच साबणाचा दगड होतो. शिवाय त्या रात्री तुम्ही पुडी टाकता आणि सोमवारी सकाळी मावशी उघड्या हातांनी त्याच पाण्यात हात घालतात. त्यांना माहीत असतं का? प्लंबर ट्रॅप उघडतो तेव्हा त्याचं तोंड अगदी खाली असतं. त्याला सांगितलं नाही तर कॉस्टिक डोळ्यांत उडू शकतं. त्यावर संडास साफ करायचं अॅसिड तर कधीच ओतू नका, जोराने उसळून अंगावर येतं. ब्लीच आणि अॅसिड एकत्र झाले तर क्लोरिन वायू तयार होतो, आणि ओट्याखालची जागा बंद असते. अॅल्युमिनियमची कढई सिंकमध्ये असेल तर कॉस्टिक तिलाही खातं. माझं मत विचाराल तर ही पुडी घरातून काढून टाका.

तुंबलंच तर आधी रबरी पंप. सिंकमध्ये रबर बुडेल इतकं पाणी हवं, वरच्या ओव्हरफ्लोच्या भोकात ओलं फडकं कोंबायचं, नाहीतर हवा तिथूनच निघून जाते, आणि मग पंधरा-वीस दणके सलग. पुडी टाकलेली असेल तर पंप मारू नका. त्याने सुटलं नाही तर बादली लावून ट्रॅप उघडा. त्यातही काही सापडलं नाही, तर तुम्ही पुन्हा मेथीच्या पानांपाशी आलात. घरातला प्लंबर तिथे काही करू शकणार नाही.

नवऱ्याचं ते दळणारं मशीन. त्यांचा हेतू चांगला आहे, पण तुमच्या घरासाठी मला ते योग्य वाटत नाही. मशीन खरकटं बारीक करतं, तेल गायब करत नाही. भात आणि पोळी दळून त्याची जी पेस्ट होते ती तेलाच्या थराला आणखी घट्ट करते, आणि तुमचा सामाईक पाइप आधीच कुरकुरतोय. नारळाच्या शेंड्या, मक्याच्या पानांचे धागे त्याच्या पात्यांना गुंडाळले जातात. ओला आणि सुका कचरा वेगळा देणं हे २०१६ च्या घनकचरा नियमांपासून आपल्यावर बंधनकारक आहे, आणि नवी मुंबईत ओला कचरा उचलायला रोज गाडी येते. मग त्याच कचऱ्याला पाइपातून पाठवायला पैसे का घालायचे?

पार्किंगमधल्या वळणाचं काम सोसायटीचं आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सामाईक ड्रेनेज लाइनची दुरुस्ती संस्थेने स्वतःच्या खर्चाने करायची असते. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्जात मेथीच्या पानांची तारीख आणि घर बंद होतं हे लिहा, शक्य तर फोटो जोडा. मागणी साधी करा: पार्किंगच्या छताखालच्या वळणावर डोअर बेंड (उघडता येणारं झाकण असलेलं वळण) असेल तर तो उघडून आतला थर काढावा, नसेल तर बसवावा, आणि वर्षातून दोनदा, त्यातली एक वेळ दिवाळीनंतर, लाइन साफ करून घ्यावी. त्या दिवशी खाली जाऊन स्वतः बघा. पाइपातून जे निघेल ते सगळ्या सभासदांना दाखवलं की जाळीचं वेगळं व्याख्यान द्यावं लागणार नाही.

पण मेथी कुणाची ते शोधत वरच्या सहा मजल्यांची दारं वाजवू नका. ती कुणाचीही असू शकते, आणि उद्या त्याच पाण्यात तुमची मोहरी असेल.

राहिल्या मावशी. काढू नका. चार वर्षं वेळेवर येणारं माणूस सहज मिळत नाही हे तर आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की जे त्यांनी केलं नाही त्याची शिक्षा त्यांना झाली आहे. पाचशे रुपये तुमच्या घरखर्चात कुठे गेले ते कळणार नाही, त्यांच्या महिन्यात नक्की कळलं असेल. डबा सिंकजवळ ठेवाल त्या दिवशी चहा करा, त्यांना बसवा, मेथीच्या पानांची गोष्ट जशी घडली तशी सांगा, जाळी आणि कागद दाखवा, आणि 'मावशी, तुम्हाला याहून सोयीचं काही सुचतंय का?' असं विचारा. हात रोज त्या पाण्यात त्यांचे असतात, काहीतरी सुचेलच. आणि ते पाचशे रुपये पगाराच्या दिवसाची वाट न बघता त्याच वेळी त्यांच्या हातात द्या.